हातात हुनर आहे, मग गाईड कशाला?

गेल्या महिन्यात बहिणीच्या घरी गेलो होतो. दुल्हेभाईंचं तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर आणि प्रिंटर दुरुस्तीचं दुकान आहे, वीसेक वर्षांपासून. जेवणं झाली, चहा आला आणि भाच्यानं मोबाईल माझ्यापुढे धरला.

“मामू, हे बघा. ए प्लसचे सातशे प्रश्न, उत्तरांसकट. दीडशे रुपयांत मिळाले. एवढं पाठ केलं की झालं.”

तेवढ्यात भाची आतल्या खोलीतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आली. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून तीनशे रुपयांना आणलेलं. “मामू, मी हे आणलंय. चालेल ना?”

मी दोघांनाही नाही म्हणालो. पण दोन्ही नकारांची कारणं वेगळी होती. ती समजावता समजावता रात्रीचे बारा वाजले. नंतर वाटलं, हा प्रश्न काही एकाच घरातला नाही. आपल्या वस्त्यांमध्ये मोबाईल, कॉम्प्युटर, प्रिंटर दुरुस्त करणारी शेकडो पोरं आहेत. त्यातल्या अनेकांना आता एखादं प्रमाणपत्र हवं आहे, आणि गाईड निवडतानाच बहुतेकांची गाडी चुकीच्या रुळावर जाते. म्हणून हा लेख.

आधी परीक्षा काय आहे ते

‘कॉम्पटिया’ ही अमेरिकेतली संस्था. तिची ‘ए प्लस’ ही परीक्षा 1993 पासून सुरू आहे. कॉम्प्युटर दुरुस्ती आणि हेल्पडेस्कच्या कामातली पहिली पायरी म्हणून ती जगभर ओळखली जाते. पेपर दोन, कोअर 1 आणि कोअर 2. प्रत्येकी 90 मिनिटं आणि जास्तीत जास्त 90 प्रश्न. गुण 100 ते 900 या मापावर मोजतात. पास होण्यासाठी पहिल्या पेपरात 675 आणि दुसऱ्यात 700 लागतात. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, नंतर नूतनीकरण करावं लागतं. दोन्ही पेपरांची फी वेगवेगळी भरायची आणि नापास झालात तर पुन्हा भरायची. परीक्षा मराठीत नाही, हिंदीत नाही, उर्दूतही नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. ही परीक्षा साधारण तीन वर्षांनी बदलते आणि प्रत्येक आवृत्तीला क्रमांक असतो. भाचीनं आणलेल्या पुस्तकावर 220-1001 आणि 220-1002 असं छापलं होतं. ती परीक्षा 2019 च्या सुरुवातीला आली आणि ऑक्टोबर 2022 मध्ये बंद झाली. तिच्यानंतरची 1101 आणि 1102 ही जोडीही सप्टेंबर 2025 मध्ये बंद झाली. मार्च 2025 पासून 220-1201 आणि 220-1202 सुरू आहे. म्हणजे भाचीचं पुस्तक दोन पिढ्या जुनं. दुकानदारानं तिला ते सांगितलं नाही, आणि तिनंही मुखपृष्ठावरचा क्रमांक पाहिला नाही. गाईड निवडण्याचा पहिला नियम हाच: लेखकाच्या नावाआधी परीक्षेचा क्रमांक बघा.

ते पुस्तक मी फेकून मात्र दिलं नाही. लेझर प्रिंटर कसा चालतो, रॅम कशी बसवायची, पॉवर सप्लाय कसा तपासायचा, हे चार-पाच वर्षांत बदलत नाही. ते भाग वाच म्हणालो. पण तेवढ्यावर विसंबून फी भरू नकोस.

अभ्यासक्रम फुकट आहे, आधी तो घ्या

कॉम्पटिया आपल्या संकेतस्थळावर प्रत्येक पेपरचा तपशीलवार अभ्यासक्रम फुकट देते. कोणताही क्लास लावण्याआधी, कोणतंही पुस्तक घेण्याआधी हा कागद छापून घ्या. कोणत्या विभागाला किती वजन आहे ते त्यात दिलेलं असतं. सध्याच्या कोअर 1 मध्ये हार्डवेअर 25 टक्के, नेटवर्किंग 23, मोबाईल उपकरणं 13, व्हर्च्युअलायझेशन आणि क्लाऊड 11, आणि बिघाड शोधणं सर्वांत जास्त, 28 टक्के. कोअर 2 मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम 28, सुरक्षा 28, सॉफ्टवेअरचे बिघाड 23 आणि कामाच्या पद्धती 21 टक्के.

मी दुल्हेभाईंना तो कागद दाखवला आणि पेन दिलं. “जे येतं त्यावर खूण करा.” त्यांनी हार्डवेअरच्या आणि बिघाडाच्या बहुतेक ओळींवर खूण केली. नेटवर्किंगला अर्ध्यावर. क्लाऊडला एकही नाही. सुरक्षेत चार-पाच. ते काही वेळ कागदाकडे बघत राहिले. “म्हणजे एवढं तर मला येतंच की,” म्हणाले.

बारावीपर्यंतही न शिकलेल्या माणसाला एका जागतिक परीक्षेचा बराच अभ्यासक्रम येतो, हे त्यांना पन्नाशीला आल्यावर कळलं. सच्चर समितीचा अहवाल 2006 मध्ये संसदेत मांडला गेला. मुस्लिमांमध्ये स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्यांचं प्रमाण जास्त आणि नियमित पगाराच्या नोकरीत असणाऱ्यांचं कमी, हे त्यानं आकडेवारीनं मांडलं. आकडे सगळ्यांनी वाचले, भाषणांत वापरले. पण घरातल्या हुनराची अशी यादी किती जणांनी केली? हुनर आपल्याकडे आहे. त्याला नाव नाही, नोंद नाही आणि कागद नाही. गाईडचं खरं काम इथे सुरू होतं. जे हाताला येतं त्याला ते नाव देतं, आणि जे येत नाही ते दाखवून देतं.

चांगलं गाईड कसं ओळखायचं

बाजारात बरीच गाईडं आहेत. माईक मेयर्स यांचं नाव अनेकांनी ऐकलं असेल, सायबेक्स प्रकाशनाचंही गाईड प्रसिद्ध आहे. प्रोफेसर मेसर यांचे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत आणि ते अभ्यासक्रमाच्या क्रमानेच जातात. यातलं अमुकच घ्या, असं मी सांगणार नाही. कसं तपासायचं ते सांगतो.

तुम्हाला उत्तम येणारा एक विषय निवडा आणि अजिबात न येणारा एक. पुस्तकात दोन्ही उघडून वाचा.

दुल्हेभाईंचा हातखंडा विषय लेझर प्रिंटर. प्रत्येक गाईडमध्ये त्याच्या कामाचे सात टप्पे दिलेले असतात: प्रोसेसिंग, चार्जिंग, एक्स्पोजिंग, डेव्हलपिंग, ट्रान्सफरिंग, फ्यूजिंग, क्लीनिंग. वाईट गाईड हे सात शब्द देऊन पुढे जातं आणि ते पाठ करायला एखादं गमतीशीर वाक्य देतं. चांगलं गाईड सांगतं की छापलेला मजकूर बोटानं पुसला जात असेल तर टोनर कागदावर नीट वितळला नाही, म्हणजे फ्यूजर बघा. कागदावर ठराविक अंतरानं तोच डाग येत असेल तर फिरणाऱ्या एखाद्या भागावर, बहुधा ड्रमवर, दोष आहे. टप्पा आणि बिघाड यांची सांगड घालतं ते गाईड. दुल्हेभाईंना हे वाचून दाखवलं तर ते म्हणाले, “बरोबर आहे. लिहिणाऱ्यानं प्रिंटर उघडलेला दिसतोय.” पुस्तकाला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नाही.

भाचीला न येणारा विषय नेटवर्किंग. कॉम्प्युटरला 169.254 नं सुरू होणारा पत्ता दिसला तर काय समजायचं? चांगलं गाईड सांगेल की राऊटरकडून किंवा सर्व्हरकडून पत्ता मिळाला नाही, म्हणून मशीननं स्वतःच एक पत्ता घेतला. तेव्हा आधी केबल, मग राऊटर, मग डीएचसीपी बघा. पान वाचून एखाद्या दोस्ताला आपल्या भाषेत समजावता आलं, तर पुस्तक तुमच्यासाठी आहे. नाही आलं, तर दुसरं बघा.

तिसरी कसोटी सरावाच्या प्रश्नांची. उत्तर ‘क’ आहे, एवढंच सांगणारं पुस्तक बाजूला ठेवा. बाकीचे तीन पर्याय का चूक आहेत, हे सांगणारं घ्या. या परीक्षेत नुसते पर्यायाचे प्रश्न नसतात. पडद्यावर एखादी परिस्थिती देतात आणि प्रत्यक्ष जोडणी किंवा मांडणी करून दाखवायला लावतात. तिथे पाठांतर हात वर करतं.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, ही गाईडं अमेरिकन वाचकासाठी लिहिलेली आहेत. तिथे घरात 120 व्होल्ट, आपल्याकडे 230. जुन्या पॉवर सप्लायच्या मागे लाल बटण असतं, 115 आणि 230 असं लिहिलेलं. ते चुकून 115 वर राहिलं आणि आपल्याकडच्या सॉकेटला लावलं की सप्लाय उडालाच. अमेरिकन पुस्तकात हे एखाद्या ओळीत उरकतं. आपल्या गावातला दाब कमीजास्त होणं, अर्थिंग नसणं, पावसाळ्यातली ओल, यांवर स्वतंत्र वही तुम्हालाच करावी लागेल. त्या वहीसाठी उत्तम गाईड म्हणजे दुकानात वीस वर्षं बसलेला माणूस.

दीडशे रुपयांचे सातशे प्रश्न

आता भाच्याकडे येतो. त्याच्याकडे होतं त्याला धंद्यात ‘डम्प’ म्हणतात. कुणीतरी परीक्षेला बसून प्रश्न लक्षात ठेवतं, बाहेर येऊन विकतं. निदान तसा दावा असतो. प्रत्यक्षात त्यात जुन्या परीक्षेचे प्रश्न असतात, चुकीची उत्तरं असतात आणि कित्येकदा कुणीतरी मनानं रचलेलं असतं. परीक्षेआधी उमेदवार जो करार मान्य करतो, त्यात अशा साहित्याला स्पष्ट मनाई आहे. पकडलं गेलं तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. हा झाला व्यवहाराचा भाग.

पण मी भाच्याला दुसरंच विचारलं. “बिस्किटाचा पुडा घेतला की मागचा मजकूर वाचतोस, जिलेटिन आहे का ते बघतोस. या पीडीएफचा मागचा मजकूर कधी वाचणार?”

तो हसला, पण गप्प झाला. हलाल-हरामची चर्चा आपण ताटापुरती ठेवली आहे. चोरलेल्या प्रश्नांवर मिळवलेलं प्रमाणपत्र, त्यावर मिळवलेली नोकरी, त्या नोकरीचा पगार, याबद्दल कुणी काही विचारत नाही. जुमाच्या बयानात नाही, घरातही नाही. हे फक्त मुस्लिमांमध्येच आहे असं मी म्हणत नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या सर्व जातिधर्मांच्या लोकांनी डम्प वापरलेले मी पाहिले आहेत. पण मी माझ्या घराबद्दल बोलतोय.

दुरुस्तीच्या कामात तर हा प्रश्न आणखी गंभीर आहे. माणूस आपला लॅपटॉप तुमच्या हातात देतो तेव्हा त्यात त्याच्या बँकेचे कागद असतात, घरच्यांचे फोटो असतात, मुलीचे फोटो असतात. ती अमानत आहे. कोअर 2 मधल्या ‘कामाच्या पद्धती’ या विभागात हेच येतं: ग्राहकाची माहिती गुप्त ठेवा, त्याच्याशी अदबीनं बोला, त्याला कळेल अशा भाषेत सांगा, वेळ पाळा, काम चालू असताना स्वतःचा फोन बाजूला ठेवा. बरेच विद्यार्थी हा भाग ‘सोपा आहे’ म्हणून सोडून देतात. मी म्हणतो, अभ्यास इथूनच सुरू करा. डम्प पाठ करून ‘गोपनीयता’ या प्रश्नाचं बरोबर उत्तर देणारा माणूस कसा कारागीर होईल, याचा विचार करा.

अर्थासकट वाचणं

भाच्याला पाठांतर सोपं का वाटलं, याचाही विचार केला पाहिजे. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी मक्तबमध्ये नाजिरा केला. अक्षर न अक्षर, उच्चार न उच्चार बिनचूक. पण अर्थ कुणी सांगितला नाही आणि आपणही विचारला नाही. शाळेत गेलो तर तिथे ‘अपेक्षित’ प्रश्नसंच. तिथेही समजण्यापेक्षा उतरवण्याला मार्क. दोन्हीकडून एकच सवय लागली: न समजता म्हणता येणं म्हणजे येणं.

तिलावतीचा आदर मलाही आहे. पण ज्या ग्रंथाची पहिली आज्ञा ‘वाच’ अशी आहे, त्याच्या वाचकांनी अर्थाला घाबरू नये. आणि ही सवय फक्त धर्मापुरती राहत नाही. न समजता वाचणारा माणूस कराराच्या कागदावर न समजता सही करतो, व्हॉट्सॲपवर आलेलं न समजता पुढे पाठवतो आणि निवडणुकीत कुणी सांगितलं म्हणून मत देतो. गाईड अर्थासकट वाचणं ही नागरिक होण्याचीच छोटी तालीम आहे.

इंग्रजीची भीती खरी आहे. मीही इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी शब्दकोश घेऊनच बसत होतो. माझा उपाय साधा होता. एक परिच्छेद इंग्रजीत वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि तेच घरच्या बोलीत मोठ्यानं सांगायचं. तांत्रिक शब्द इंग्रजीच ठेवायचे, बाकी आपलं. दिवसाला चार पानं झाली तरी पुरे. उर्दू माध्यमातून आलेल्यांनी वही उर्दूत लिहिली तरी बिघडत नाही. परीक्षेला शब्द इंग्रजी लागतील, समज कुठल्याही भाषेतली चालते.

फी कुणाची भरायची?

बारा वाजत आले तेव्हा खरा मुद्दा निघाला. दुल्हेभाई म्हणाले, “यंदा एकाचीच फी जमेल. पोराची भरू. पोरगी काय, पुढच्या वर्षी देईल.”

बहीण काही बोलली नाही. भाची पुस्तक घेऊन आत गेली.

पुढच्या वर्षी म्हणजे काय, हे आपल्या घरांत सगळ्यांना माहीत असतं. पुढच्या वर्षी एखादं स्थळ येतं. मी तोच अभ्यासक्रमाचा कागद पुन्हा पुढे ठेवला. भाच्यानं दोन महिन्यांत त्यातलं काय केलं होतं? पीडीएफ विकत घेतली होती. भाचीनं जुनं का होईना, पुस्तक शोधून आणलं होतं आणि त्याची ऐंशी पानं पेन्सिलीनं खुणा करत वाचली होती. दुकानात मात्र भाचा रोज बसतो. तिथे उघडून बघायला दहा बंद पडलेली मशीनं आहेत. भाची तिथे जात नाही, कारण लोक काय म्हणतील. म्हणजे जो वाचत नाही त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर आहे, आणि जी वाचते तिच्या हातात नाही.

“यूट्यूब आहे की, घरी बसून शिकेल,” असंही त्या रात्री म्हटलं गेलं. फुकट व्हिडिओ ही मोठी सोय आहे, पण ती मुलीला घरात ठेवण्याची सबब होता कामा नये. बिघाड शोधायला बिघडलेलं मशीन समोर लागतं. ते व्हिडिओत मिळत नाही.

मी म्हणालो, फीचा निम्मा वाटा माझा, पण एका अटीवर. दोघांनी महिनाभर रोज सकाळी दुकानात बसायचं, एकेक मशीन उघडायचं आणि महिन्याअखेरी दोघांनी न शिकवलेली सराव परीक्षा द्यायची. ज्याची तयारी जास्त, त्याची फी आधी. दुल्हेभाई “बघू” म्हणाले. आपल्या घरांत ‘बघू’चा अर्थ बहुतेक वेळा नाही असतो. पण चार दिवसांनी बहिणीचा फोन आला की भाची दहा ते एक दुकानात बसायला लागली आहे. गावात कुजबुज झाली. एका जुन्या गिऱ्हाइकानं तिलाच विचारलं, “बेटा, माझा प्रिंटर दोन-दोन कागद एकदम ओढतो, बघतेस का?” तिनं पिकअप रोलर पुसून दिला. कुजबुज पूर्ण थांबली असं म्हणत नाही. पण गिऱ्हाईक पुन्हा आलं.

पगारदार मामू प्रत्येक भाचीला नसतो. म्हणून ही गोष्ट घरापुरती ठेवून चालणार नाही. आपल्या मोहल्ल्यांत जमाती आहेत, ट्रस्ट आहेत, हॉल आहेत. एका कपाटात चालू आवृत्तीची दोन गाईडं आणि पाच-सहा जुनी मशीनं ठेवायला किती खर्च येतो? एका लग्नाच्या मंडपाइतकासुद्धा नाही. जकातीतून गरीब विद्यार्थ्याची परीक्षा फी भरावी की नाही, यावर जरूर चर्चा करा, पण करा. आणि त्या कपाटाची किल्ली फक्त मुलांच्या हातात देऊ नका.

शेवटी एक खरं सांगतो. ए प्लस हा काही तावीज नाही. तो गळ्यात घातला की नोकरी मिळेल, असं मी कुणाला सांगणार नाही. स्वतःचं दुकान चालवणाऱ्याला त्याची सक्ती नाही. हेल्पडेस्कवर किंवा बाहेरच्या देशात काम शोधणाऱ्याला त्याचा उपयोग जास्त. फीइतके पैसे नसतील तर आयटीआयमध्ये ‘कोपा’ हा एक वर्षाचा आणि संगणक प्रणालीच्या देखभालीचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, तिकडे बघा. परीक्षा न देताही तो फुकटचा अभ्यासक्रम घेऊन शिकता येतं.

ए प्लसच्या अभ्यासात बिघाड शोधण्याच्या सहा पायऱ्या आहेत: आधी तक्रार नीट ऐकून समस्या ओळखा, कारणाचा अंदाज बांधा, तो तपासा, उपाय ठरवून करा, सगळं चालतंय ना ते बघा, आणि शेवटी जे केलं ते लिहून ठेवा. दुल्हेभाईंना मी त्या वाचून दाखवल्या. ते म्हणाले, “पहिल्या पाच तर मी वीस वर्षं करतोय. लिहून मात्र कधी ठेवलं नाही.”

आता दुकानात एक वही आहे. अक्षर भाचीचं आहे.